सहा पणत्यांचा संच आणि सरसकट ८० रुपये कुरिअर

ऐरोलीहून तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: दोन वर्षं क्रोशाच्या बाहुल्या आणि तोरणं करतेस, यंदा दिवाळीला हाताने रंगवलेल्या पणत्यांचे सहा-सहाचे संच काढायचेत. ऑर्डरी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर येतात, महिन्याला तीसेक. बाहुली ४५० ला, आणि वर सगळीकडे सरसकट ८० रुपये कुरिअर. ऑर्डरी वाढल्या, रात्री बारापर्यंत सुई हातात असते, पण महिनाअखेर काही उरत नाही. गुवाहाटीच्या पार्सलला तर पदरचे गेले. प्रश्न तीन: ८० चे किती करू, फ्री शिपिंग ठेवू का, आणि कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी का.

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते. ११ वर्षं घरूनच कागदी आकाशकंदील आणि टेराकोटाचे दागिने विकते आहे. तुझं पत्र वाचताना पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्याच वह्या डोळ्यांसमोर आल्या, म्हणून उत्तर लांबेल. वेळ काढून वाच, शेजारी काटा आणि मोजपट्टी घेऊन बस.

आधी ८० कुठून आले ते सांग. बहुतेक जणी हा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी पेजवरून उचलतात. ती दागिने पाठवते, तिचं पार्सल दीडशे ग्रॅमचं असतं, तिची गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची असतात. तुझी बाहुली वेगळी, तुझी गिऱ्हाइकं वेगळी. तिचा आकडा तुला लागू होण्याचं काही कारणच नाही.

म्हणून सुरुवात वजनापासून. बाहुलीच्या वजनापासून नाही, टेप मारून, पत्ता चिकटवून तयार झालेल्या पार्सलच्या वजनापासून. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे, तेवढा पुरतो. तुझी बाहुली २१० ग्रॅमची आहे असं तू लिहिलंस. माझ्याकडे त्याच मापाचा, ७ × ५ × ४ इंचाचा तीन-प्लायचा, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचा खोका आहे, तो ८५ ग्रॅम भरला. बबल रॅप १४, टेप आणि लेबल १२, बाहेरची कुरिअर बॅग १२. टिश्यू पेपर, आभाराचं जाड कार्ड आणि ‘बाहुली कशी धुवावी’ हा कागद मिळून २२. बेरीज ३५५ ग्रॅम. म्हणजे २१० ग्रॅमच्या वस्तूमागे १४५ ग्रॅम नुसतं आवरण.

३५५ ला अडचण नाही, कारण बहुतेक कुरिअर अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे घेतात आणि तू पहिल्या टप्प्यात आरामात बसतेस. पण लाकडी स्टँडवरची बाहुली ३४० ग्रॅमची आहे ना? तिच्यात हे १४५ मिळव. ४८५ झाले. इथे मला भीती वाटते. पावसाळ्यात सूत आणि पुठ्ठा दोन्ही ओल धरतात, पाच-दहा ग्रॅम सहज वाढतात. घरी ४८५ भरलेलं पार्सल हबवरच्या, म्हणजे कुरिअरच्या मोठ्या केंद्रावरच्या मशीनवर ५०० च्या पुढे गेलं की पूर्ण एक किलोचे पैसे लागतात. त्या बाहुलीबरोबरचं जाड कार्ड काढ, साध्या कागदावर छाप. २२ चे ८ ग्रॅम होतील आणि तू ४७१ वर येशील. टप्प्याच्या काठाशी निदान २५ ग्रॅमची जागा मोकळी ठेवावी, हा माझा नेम आहे.

आता दुसरं वजन, जे काट्यावर दिसत नाही. हलकी पण मोठी वस्तू ट्रकमध्ये जागा अडवते, म्हणून कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. आलेला आकडा किलोमधला. खरं वजन आणि हे आकाराचं वजन, दोघांत जे जास्त त्याचे पैसे. रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही जण ५००० ऐवजी ४५०० किंवा ४००० ने भागतात, म्हणजे वजन आणखी जास्त धरलं जातं. तुझ्या कुरिअरचा भाजक कोणता ते आधी विचारून घे.

हे मला शिकवलं ते माझ्या कंदिलाने. पहिल्या दिवाळीत नागपूरच्या एका काकूंना मी पूर्ण जोडलेला कंदील पाठवला. वजन ६०० ग्रॅम. मी एका किलोचे पैसे घेऊन मोकळी झाले. खोका होता ३५ × ३५ × ३५ सेंटीमीटरचा. गुणाकार ४२,८७५, भागिले ५०००, म्हणजे ८.५७५. बिल लागलं ९ किलोचं. कंदिलाच्या किमतीपेक्षा कुरिअर जास्त. काकूंकडे वाढीव पैसे मागायला तोंड नव्हतं, चूक माझीच होती.

पुढचे दोन महिने मी कंदिलाची घडी कशी करता येईल यावर घालवले. काड्या चार भागांत सुट्या केल्या, कागद एकावर एक सपाट ठेवला, जोडायची पद्धत दाखवणारा कागद आत टाकला. पहिला सपाट खोका ४२ × ३२ × ४ झाला. ५३७६ भागिले ५०००, म्हणजे १.०७५. टप्पा दीड किलोचा! मग कंदिलाच्या पाकळ्या प्रत्येक बाजूने जेमतेम दोन सेंटीमीटर लहान केल्या. खोका ४० × ३० × ४. ४८०० भागिले ५०००, ०.९६. एक किलोच्या आत. लटकवलेला कंदील पाहून दोन सेंटीमीटरचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण दरवर्षी प्रत्येक पार्सलमागे अर्ध्या किलोचे पैसे वाचतात. तेव्हापासून नवीन डिझाइन काढताना मी आधी खोका समोर ठेवते, त्यात काय बसेल ते पाहते आणि मग कात्री हातात घेते. तूही तसंच कर असं माझं कळकळीचं सांगणं आहे. वस्तू बनून गेल्यावर कुरिअर कमी करायला फार थोडी जागा उरते.

माप घेताना एक काळजी: खोका बंद करून, बाहेरून, फुगीर झाला असेल तर फुगवट्यासकट मोजायचा. मशीन तसंच मोजतं.

खोक्यांबद्दल. वेगवेगळ्या दहा मापांचे खोके घरात ठेवू नकोस, तीन पुरे. माझ्याकडे दागिन्यांचा लहान, मधला आणि कंदिलाचा सपाट असे तीन आहेत. किरकोळीत डझनभर घेतले की महाग पडतात. जांभळी नाक्याला चौकशी कर, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला एक चक्कर मार. नेमक्या मापाचे हवे असतील तर वागळे इस्टेटमध्ये किंवा तुझ्या जवळ रबाळे-महापे पट्ट्यात पुठ्ठ्याचे खोके करणारे शोध. ते शंभर-दोनशेच्या खाली सहसा बनवून देत नाहीत, मग दोघी-तिघींनी मिळून एकाच मापाची ऑर्डर द्यायची. आम्ही चौघी तेच करतो. हलक्या आणि न फुटणाऱ्या वस्तूला तीन-प्लाय पुरतो, मातीच्या वस्तूला पाच-प्लाय घे. तोरणाला तर खोकाच नको. घडी करून झिपच्या पिशवीत, वर कुरिअर बॅग, झालं.

खोके जमिनीवर ठेवू नकोस. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा तुला माहीत आहे. ओल धरलेला पुठ्ठा मऊ पडतो, टेप धरत नाही, आणि वर दुसरं पार्सल पडलं की कोपरा बसतो. मी सपाट खोक्यांचे गठ्ठे मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पलंगाखालच्या फळीवर ठेवते. पावसाळ्यात प्रत्येक खोक्यावर कुरिअर बॅग चढवायचीच, तिचे तीन रुपये बारा महिने हिशेबात धरायचे.

पॅकिंगचा खर्च ‘दहा-वीस रुपये’ असा अंदाजाने लिहू नकोस. एकदा बसून काढायचा, मग वर्षभर पुरतो. टेपचं उदाहरण घेऊ. २० सेंटीमीटर लांब आणि १५ रुंद खोक्याला मधल्या सांध्यावर वर-खाली मिळून ६० सेंटीमीटर टेप लागते, दोन्ही बाजू टोकाशी थोड्या खाली वळवून. चार आडव्या कडांना प्रत्येकी २० म्हणजे ८०. एकूण १ मीटर ४०. माझा रोल ६५ मीटरचा, ४५ रुपयांना आला होता. ६५ भागिले १.४, म्हणजे ४६ खोके. एका खोक्याला टेप साधारण एक रुपया. बबल रॅपचंही तसंच. एक मीटर रुंद आणि १०० मीटर लांब रोल असेल तर त्याच्या किमतीला १०० ने भाग, एका चौरस मीटरचा भाव मिळेल. २५ × २५ सेंटीमीटरचे तुकडे केले की एका चौरस मीटरमध्ये १६ तुकडे निघतात.

तुझ्या बाहुलीसाठी मी मांडलं ते असं: खोका ११, बबल रॅप ३, टेप आणि लेबल मिळून ३, टिश्यू आणि कार्ड ४, कुरिअर बॅग ३. एकूण २४ रुपये. वर्तमानपत्राचा कागद वापरून यातले चार वाचवावेत असं वाटेल. बाहुलीला तो लावू नकोस, शाईचे डाग पांढऱ्या सुतावर पडतात. खोक्याच्या कोपऱ्यात बोळे कोंबायला चालेल.

आता मुख्य बेरीज. तू गेल्या महिन्याच्या ३० ऑर्डरींची यादी आणि तुला पडलेले दर पाठवलेस, त्याबद्दल मनापासून आभार, नाहीतर सगळं हवेत बोलणं झालं असतं. मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या १४, प्रत्येकी ५५. उरलेल्या महाराष्ट्राच्या ९, प्रत्येकी ७५. बंगळुरू, दिल्ली वगैरे महानगरांच्या ५, प्रत्येकी ९५. गुवाहाटी आणि शिलाँग अशा २, प्रत्येकी १५०. म्हणजे ७७० अधिक ६७५ अधिक ४७५ अधिक ३००, एकूण २२२०. तिसाने भागलं की ७४ येतात. तू इथेच थांबलीस आणि ८० बरोबर आहेत असं तुला वाटलं.

पण हे दर जीएसटी सोडून आहेत. कुरिअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कशातून वळता करून मिळत नाही, तो सरळ तुझा खर्च. २२२० चे २६२० होतात, एका पार्सलला ८७. मग पॅकिंगचे २४. मग रिक्षा. किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, जाऊन-येऊन ५२. तू एका फेरीत सरासरी पाच पार्सलं नेतेस, म्हणजे एकाला १० रुपये. एकच पार्सल घेऊन गेलीस तर त्या एकट्यावर ५२ बसतात, म्हणून आठवड्याचे दोन वार ठरव आणि गिऱ्हाइकाला आधीच सांग की पार्सल मंगळवारी किंवा शुक्रवारी निघेल. लोक थांबतात. हाताने केलेल्या वस्तूसाठी दोन दिवस थांबायला कुणाची हरकत नसते.

आणि नुकसान. तू लिहिलंस की महिन्यातून एखादं पार्सल हरवतं किंवा खराब होतं आणि तू दुसरी बाहुली पाठवतेस. ते योग्यच आहे. पण तिचा खर्च कुठे लिहिलास? सूत आणि तुझी मजुरी मिळून २०० धर, पुन्हा कुरिअर ८७, पुन्हा पॅकिंग २४. ३११ झाले, ३० ऑर्डरींवर वाटले तर प्रत्येकी १० रुपये.

८७, २४, १०, १०. एकूण १३१. तू घेतेस ८०. प्रत्येक ऑर्डरीला ५१ रुपये तुझ्या मजुरीतून जातात, महिन्याला १५३०. पैसे का उरत नाहीत याचं उत्तर हे आहे. तुझी बाहुली स्वस्त नाही, तुझं काम हळू नाही. गुवाहाटीचा फटका मोठा वाटला म्हणून लक्षात राहिला, पण खरी गळती त्या बाकीच्या २८ पार्सलांतून थेंबथेंब चालू आहे.

मग गिऱ्हाइकाकडून १३० घ्यायचे का? ४५० च्या वस्तूवर १३० कुरिअर दिसलं की अर्धे जण मागे फिरतात, हे मीही पाहिलंय. माझा सल्ला असा: पॅकिंग, रिक्षा आणि नुकसान हे ४४ रुपये बाहुलीच्या किमतीत घाल. ते दुकानदारीचे खर्च आहेत, गिऱ्हाइकाच्या गावावर अवलंबून नाहीत. बाहुली ४९५ ची कर. फक्त कुरिअरचा भाग वेगळा दाखव, आणि तोही गावानुसार: मुंबई-ठाणे-नवी मुंबई ६५, महाराष्ट्र ९०, बाकी भारत ११५, ईशान्येकडची राज्यं आणि जम्मू-काश्मीर १८०. हे जीएसटीसकट, वर थोडे पूर्ण करून काढलेले आकडे आहेत. ऐरोलीच्या माणसाने गुवाहाटीचं भाडं भरू नये आणि तूही भरू नयेस.

फ्री शिपिंग जरूर ठेव, पण एका बाहुलीवर नको. कुठल्या ठिकाणी ठेवायचं ते टप्पा सांगतो. एका बाहुलीचं पार्सल ३५५ ग्रॅमचं आहे, ५०० पर्यंत १४५ ग्रॅम मोकळे. तोरण तू ९० ग्रॅमचं सांगितलंस. घडी करून बाहुलीच्या पायाशी ठेवलं की ४४५ झाले, टप्पा तोच, खोका तोच, फेरी तीच. तोरण वेगळं पाठवलं असतं तर पुन्हा कुरिअर आणि पिशवी लागली असती, ते पैसे इथे वाचले. वाचलेल्यातूनच गिऱ्हाइकाला सूट द्यायची. ‘बाहुली आणि तोरण एकत्र घेतल्यास महाराष्ट्रात कुरिअर मोफत’ असं लिही. दोन बाहुल्यांवर मात्र हे देऊ नकोस. दुसरी बाहुली आली की तू एक किलोच्या टप्प्यात जातेस, तिथे बेरीज नव्याने करावी लागेल.

जवळच्या लोकांसाठी कुरिअरशिवायचा मार्गही लिहून ठेव. मी डोंबिवली-कल्याणच्या गिऱ्हाइकांना ठाणे स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी पार्सल देते, शनिवारी सकाळी, ठरलेल्या अर्ध्या तासात. काही जण बाईकवाली ॲपसेवा स्वतः बुक करून घरून मागवतात. त्यात माझा खर्च फक्त खोक्याचा.

पोस्ट की खासगी कुरिअर, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण गुवाहाटीमुळे सांगते. पोस्टाची दीड लाखाहून जास्त कार्यालयं आहेत. कोकणातली वाडी असो की आसामातलं गाव, पोस्टमन पोचतो. खासगी कंपन्या काही पिनकोड ‘सेवेबाहेर’ धरतात आणि जादा आकार लावतात, किंवा गिऱ्हाइकालाच तालुक्याच्या ऑफिसात यायला सांगतात. म्हणून लांबचे आणि खेड्यातले पत्ते पोस्टाने, शहरातले कुरिअरने, अशी माझी विभागणी. पण जुन्या दरपत्रकावर विसंबू नकोस. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले, रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. त्या वेळी सगळीकडे फिरलेला तक्ता, ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेर ४७ वगैरे, तो कागदपत्रांसाठीचा आहे. माझ्या ओळखीच्या एकीने तोच धरून दागिन्यांचे दर ठरवले आणि खिडकीवर गेल्यावर तिला कळलं की वस्तूंना पार्सलचा दर लागतो. तयार पार्सल घेऊन एकदा खिडकीवर जा, पाच वेगवेगळे पिनकोड सांगून दर विचार आणि वहीत लिही. गर्दी नसताना, दुपारी जा, शांतपणे सांगतात.

अनेक कुरिअर कंपन्या एका जागी देणाऱ्या वेबसाइट वापरणार असशील तर दर कमी पडतात आणि माणूस घरून पार्सल नेतो, ऐरोलीत ते सोयीचं आहे. तिथे पैसे आधी भरून ठेवावे लागतात, आणि वजनाचा वाद होतो. माझ्या ४२० ग्रॅमच्या पार्सलला एकदा दीड किलोचं बिल लागलं. परत मिळाले, कारण माझ्याकडे फोटो होते. तेव्हापासून प्रत्येक पार्सलचे दोन फोटो: एक काट्यावरचा, आकडा आणि पत्त्याचं लेबल दोन्ही दिसतील असा, दुसरा मोजपट्टी लावलेला. तक्रार करायला मोजके दिवस असतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा बिलं बघायचीच.

कॅश ऑन डिलिव्हरीचं माझं मत स्पष्ट आहे: नको. कुणी पार्सल घेतलं नाही तर जाण्याचे ८७, परत येण्याचे बहुधा तेवढेच, वर पॅकिंगचे २४ वाया, कारण परत आलेला खोका पुन्हा वापरण्यासारखा राहत नाही. १९८ गेले. बाहुलीमागे तुझे सव्वाशे सुटत असतील तर दीड बाहुलीहून जास्त कमाई. शिवाय तुझे पैसे कुरिअरकडे आठवडाभर अडकतात आणि त्या सेवेचा वेगळा आकार. नवीन गिऱ्हाईक बिचकत असेल तर निम्मे आधी घे, निम्मे पार्सलचा फोटो दाखवल्यावर, निघण्याआधी. नाव विणलेली बाहुली असेल तर पूर्ण आगाऊ. ती दुसऱ्या कुणाला विकताच येत नाही.

सध्या यूपीआयने थेट पैसे येतात म्हणून एक खर्च वाचतोय. उद्या वेबसाइट काढलीस तर पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा, साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, आणि तो बाहुली अधिक कुरिअर अशा पूर्ण रकमेवर. ५८५ च्या ऑर्डरीला जवळपास १४ रुपये. तेव्हा ते किमतीत घाल.

दर वाढवल्याचं गिऱ्हाइकांना कसं सांगू, असं तू शेवटी लिहिलंयस. माफी मागायची गरज नाही. ‘१ तारखेपासून कुरिअर गावानुसार आहे. तुमचा पिनकोड कळवा, नेमकी रक्कम लगेच सांगते. पार्सल पाच फेऱ्या बबल रॅपमध्ये, पाण्यापासून सुरक्षित बॅगेत येईल. पोचताना खराब झालं तर दुसरं पाठवण्याची जबाबदारी माझी.’ इतकंच. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणी यावर खळखळ केली नाही.

आता पणत्या. याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे, कारण त्या अजून विकायच्या आहेत, म्हणजे सगळं बदलता येईल. तू दिलेली मापं: व्यास साडेसहा सेंटीमीटर, उंची अडीच, वजन ६० ग्रॅम. आडव्या एकावर एक रचू नकोस, ताटांसारख्या उभ्या लाव. उभ्या पणतीला हिसका सोसतो, रचलेलीला वरचं वजन फोडतं. गुंडाळल्यावर एक पणती साधारण ३.३ सेंटीमीटर जाडीची आणि साडेसात व्यासाची होते, चारही बाजूंनी पावणेदोन ते अडीच सेंटीमीटर बोळे.

सहाचा संच: पणत्या ३६० ग्रॅम, आवरण २२०, मिळून ५८०. खोका १५ × १९ × १२, आकाराचं वजन ०.६८. टप्पा एक किलोचा. आठचा संच: ४८० अधिक २५०, म्हणजे ७३०. खोका १८ × १९ × १२, आकाराचं वजन ०.८२. टप्पा तोच एक किलोचा. चारचा संच: २४० अधिक १५०, म्हणजे ३९०. खोका १८ × १२ × ११, आकाराचं वजन ०.४७५. टप्पा अर्ध्या किलोचा. सहा पणत्यांचं गिऱ्हाईक आठ पणत्यांचं भाडं भरतंय. सहाचा संच काढूच नकोस. चारचा आणि आठचा काढ. चारच्या खोक्यात मात्र उंची ११ च्या वर जाऊ देऊ नकोस, १२ झाली की ०.५१८ होतं आणि एक किलोचे पैसे लागतात.

एक चारचा संच आजच बांध. खोका कानाशी धरून हलव. खडखड आली तर उघडून आणखी बोळे भर. आवाज येईनासा झाला की स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीवरून फरशीवर टाक: एकदा तळावर, एकदा उभ्या कडेवर, एकदा कोपऱ्यावर, एकदा पाठीवर. कोपऱ्याचं पडणं सगळ्यात वाईट असतं. माझे पहिले टेराकोटाचे लोलक तिथेच तुटायचे. चारही पणत्या शाबूत निघाल्या आणि रंगाचा टवका गेला नाही तर तो खोका पक्का. एखादी फुटली तर कुठली फुटली ते बघ. कडेची असेल तर बोळे कमी पडले, मधली असेल तर पणत्या एकमेकींवर आपटतायत, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाल.

खोक्यांची ऑर्डर गणपतीआधी दे, नवरात्रानंतर खोकेवाले हव्या त्या मापाचे वेळेत देत नाहीत. आणि दिवाळीच्या किमान १२ दिवस आधी बाहेरगावच्या ऑर्डरी बंद कर. त्या शेवटच्या आठवड्यात पार्सलं हबवर अडून राहतात, आणि भाऊबीज झाल्यावर पोचलेल्या पणत्यांचं कुणी काय करायचं? ओट्यावरून टाकल्यावर काय झालं ते मला कळव, त्यावरून आठच्या खोक्याचं माप पक्कं करू.